हंस, वेली आणि बैलाची कवटी: रोममधल्या एका मराठी ऑडिओ गाईडचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्यातली एक पर्यटन संस्था मराठी प्रवाशांचे गट युरोपला नेते. रोमच्या मुक्कामात कलोसियम, व्हॅटिकन, कारंजी हे ठरलेलं. त्यात त्यांनी आरा पाचिसची भर घालायचं ठरवलं. गटातली बहुतेक मंडळी साठीच्या आसपासची, वाचनाची आवड असलेली. तिथला गाईड इंग्रजीत बोलणार आणि टूर मॅनेजर ते धावतपळत मराठीत सांगणार, या जुन्या पद्धतीला लोक कंटाळले होते. म्हणून मोबाईलवर ऐकता येईल असं वीसेक मिनिटांचं मराठी निवेदन तयार करायचं ठरलं. संहिता एका तरुण लेखिकेची, प्रवासातल्या अडचणी सांगायला टूर मॅनेजर, आणि याच संस्थेबरोबर आधी रोम पाहून आलेल्या, वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. संहितेच्या संपादनाचं काम माझ्याकडे होतं. माणसांची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत.

आधी वास्तूविषयी थोडं. आरा पाचिस म्हणजे शांतिदेवतेची वेदी. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस स्पेन आणि गॉलची (साधारण आजच्या फ्रान्सची) घडी बसवून परतला तेव्हा, इ.स.पू. 13 मध्ये, रोमच्या सिनेटने ही वेदी उभारायचं ठरवलं. 30 जानेवारी इ.स.पू. 9 रोजी तिचं लोकार्पण झालं. मधोमध वेदी आणि तिच्याभोवती संगमरवरी भिंतींचं चौकोनी आवार. आवाराला समोरासमोर दोन दारं. दगड लुनाचा, म्हणजे आजच्या काराराच्या खाणींतला. भिंतींच्या बाहेरच्या अंगाला, वरच्या भागात माणसं आणि देवता, खालच्या भागात वेलीच वेली. लोक सहसा वरची माणसं बघतात. कोण ऑगस्टस, कोण त्याचा जावई अग्रिप्पा, कुठलं पोर कोणाचं, यातच वेळ जातो. खाली जवळजवळ तितक्याच जागेत कोरलेल्या झाडावेलींकडे नक्षी म्हणून एक नजर टाकतात आणि पुढे सरकतात.

लेखिकेला नेमकं हेच बदलायचं होतं. निवेदनाचा विषय तिने निसर्गच धरला: वेली, पक्षी, फळं, गुरं. मला ही निवड आवडली, अजूनही आवडते.

अडचण

पहिला खर्डा वाचायला गोड होता. हंस म्हणजे अपोलो, द्राक्ष आणि आयव्ही म्हणजे मद्याचा देव बॅकस, लॉरेल म्हणजे विजय, ओंब्या म्हणजे समृद्धी, दोन बाळं घेऊन बसलेली स्त्री म्हणजे पृथ्वी. प्रत्येक वस्तूला एक अर्थ, आणि अर्थ सांगितला की पुढची वस्तू. शिवाय श्रोता मराठी म्हणून जागोजागी आपल्याकडची जोड दिलेली. हंस दिसला की सरस्वती, वेल दिसली की सांचीची कल्पलता, पाण्याचा घडा दिसला की पूर्णघट.

पहिला धक्का दिला तो वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी. त्यांनी वेलींच्या पट्टीचे फोटो मोठे करून पाहिले आणि म्हणाल्या, “हे झाड जगात कुठेच नाही हो.”

त्यांचं म्हणणं असं. पट्टीच्या तळाशी मधोमध पानांचा भरघोस झुबका आहे. ती पानं अकँथसची, यात शंका नाही. कातरलेल्या कडांची, मोठी, जमिनीलगत पसरणारी. अकँथस आपल्या अडुळशाच्या, कोरांटीच्या आणि कारवीच्या कुळातला. त्याला फुलांचा उंच, ताठ तुरा येतो. तो वेल नाही आणि त्याला तणावेही नाहीत. इथे मात्र त्याच झुबक्यातून दांडे निघतात, मोठमोठी गोल वेटोळी घेत भिंतभर पसरतात आणि त्यांना फुलं येतात ती भलत्याच झाडांची. एकाच दांड्याला वेगवेगळ्या जातींची फुलं. मधूनच आयव्ही, द्राक्ष, लॉरेल. पण एकेक पान आणि एकेक फूल इतकं नेमकं कोरलेलं की शास्त्रज्ञाला जाती ओळखता याव्यात. जुलिया कानेवा या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी तर या पट्टीतल्या वनस्पती एकेक करून ओळखण्याचं काम केलं आहे.

म्हणजे सुटे भाग अगदी खरे आणि आख्खं झाड अशक्य. ‘अमुक म्हणजे तमुक’ असा कोश केला की यातलं सगळ्यांत विलक्षण तेच निसटतं. शिल्पी निसर्गाची नक्कल करत नव्हता. सगळ्या ऋतूंतलं सगळं काही एकाच मुळातून, एका शिस्तीत, दोन्ही बाजूंना तोलून उगवतंय, असं तो दाखवत होता. यादवी युद्धांत होरपळून निघालेल्या शहराच्या वेशीबाहेर, फ्लामिनिया रस्त्याच्या कडेला, हे चित्र उभं करण्यामागे राज्यकर्त्याचा हिशोब होता. तो समजायला फुलाचं नाव पुरत नाही.

दुसरी अडचण आवाराच्या आत होती. आतल्या भिंतींवर फळाफुलांचे जाड हार कोरलेले आहेत. त्यांत निरनिराळ्या ऋतूंची फळं एकत्र गुंफलेली. हे हार ज्यांना अडकवले आहेत त्या वस्तूंना खर्ड्यात ‘बैलाची शोभिवंत मुखं’ म्हटलं होतं. ती मुखं नाहीत, कवट्या आहेत. डोळ्यांच्या खोबण्या, उघडं पडलेलं नाकाचं हाड, शिंगांना गुंडाळलेल्या फिती, सगळं स्पष्ट दिसतं.

कोणते पर्याय होते

कोश तसाच ठेवणं सर्वांत सोपं. टूर मॅनेजरचा कल तिकडेच होता आणि त्याची बाजू मला अगदीच पोकळ वाटली नाही. तो म्हणाला, “लोकांना नाव लागतं, दादा. ‘ही बाई कोण’ असं विचारल्यावर ‘नक्की सांगता येत नाही’ म्हटलं, की म्हणतात याला काही येत नाही.”

आपल्याकडच्या जोडीवर भर देण्याचा पर्याय लेखिकेचा लाडका. हंस आणि सरस्वती म्हटलं की ऐकणारा क्षणात आपलासा होतो, हे खरंच. पण आपलासा होतो तो सरस्वतीला, रोमच्या हंसाला नाही. अपोलो हा ऑगस्टसने स्वतःचा पाठीराखा मानलेला देव. पॅलाटाइन टेकडीवर आपल्या घराला लागून त्याने अपोलोचं मंदिर बांधलं. हंसाला इथे अर्थ मिळतो तो या राजकीय नात्यामुळे, आणि सरस्वतीचं नाव घेतलं की नेमकं तेच झाकलं जातं.

तिसरा पर्याय बाईंचा: अर्थ सांगूच नका, नुसतं बघायला शिकवा. बेडूक कुठे, सरडा कुठे, गोगलगाय कुठे ते दाखवा. मला हे मनापासून पटत होतं, पण वीस मिनिटं नुसता शोधाचा खेळ पुरला नसता.

चौथा पर्याय चर्चेतून हळूहळू वर आला. एखादी गोष्ट याच वेदीवर आणखी कुठे येते, ते पाहायचं. वस्तूचा अर्थ कोशातून न घेता तिच्या शेजारणींवरून घ्यायचा. हे ठरायला बैल कारणीभूत झाला.

पहिला निर्णय: बैलाच्या मागे जायचं

मागच्या बाजूच्या दाराशेजारी तो प्रसिद्ध शिल्पपट आहे. मधोमध खडकावर बसलेली भरल्या अंगाची स्त्री, मांडीवर दोन बाळं आणि फळं. मागे गव्हाच्या ओंब्या आणि खसखशीची बोंडं. तिच्या पायाशी एक बैल निवांत बसलेला, शेजारी मेंढी चरतेय. आपल्या माणसाला पोळा आठवावा असं दृश्य.

आता आत चला. मधल्या वेदीवर एक छोटी शिल्पपट्टी शिल्लक आहे. त्यात बळीची मिरवणूक आहे: सेवक जनावरं हाकत नेताहेत. कोणती जनावरं? गुरं आणि मेंढी. आणि आवाराच्या भिंतीवर हार पेलणाऱ्या त्या कवट्या.

बाहेर रवंथ करत बसलेला, आत हाकत नेलेला आणि शेवटी भिंतीवर टांगलेला. ऑगस्टसने आपल्या कारकिर्दीचा जो वृत्तान्त लिहून ठेवला, त्यात तो सांगतो की या वेदीवर अधिकारी, पुरोहित आणि वेस्टा देवीच्या व्रतस्थ कुमारिकांनी दरवर्षी बळी द्यावा असं सिनेटने ठरवलं होतं. म्हणजे इथली समृद्धी आपोआप मिळत नाही. देवांना त्यांचा वाटा द्यायचा, मग शेत पिकतं, गुरं वितात, शांतता टिकते. रोमन माणसाला यात काहीच विसंगत वाटत नसे. विसंगत वाटतं ते आपल्याला.

टूर मॅनेजरने लगेच हरकत घेतली. गटात शाकाहारी लोक पुष्कळ, त्यात बैल, आणि हा कार्यक्रम जेवणाच्या आधीचा. लेखिकेचंही मन कचरत होतं. मी कवट्यांना कवट्याच म्हणा या बाजूने होतो, कारण ते वाक्य गाळलं तर हार नुसते शोभेचे होतात आणि वेदी ही वेदी राहत नाही. शेवटी वाक्य साधं ठेवलं: “हे हार बैलांच्या कवट्यांना बांधले आहेत. या वेदीवर जनावरांचा बळी दिला जाई, आणि त्याची खूण म्हणून या कवट्या.” वर्णन नाही, समर्थन नाही, माफीही नाही. त्यानंतर श्रोत्याला मागच्या दाराने बाहेर आणून त्या बसलेल्या बैलासमोर उभं करायचं.

त्यामुळे फिरण्याचा क्रमही आपसूक ठरला. आज संग्रहालयात शिरलं की वेदीच्या पायऱ्यांची बाजू समोर येते आणि बाळांची आई मागे राहते. पहिल्या खर्ड्यात सगळ्यांना आधी वळसा घालून मागे नेलं होतं, कारण ती ‘मुख्य’. आता ती शेवटी आली.

दुसरा निर्णय: त्या स्त्रीला काय म्हणायचं

इथे आमचा सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो सार्थकी लागला असं मला वाटतं.

रूढ नाव टेलस, म्हणजे पृथ्वी. त्याला आधार चांगला आहे. इ.स.पू. 17 मध्ये ऑगस्टसने केलेल्या शतकोत्सवासाठी होरेस या कवीने एक स्तोत्र लिहिलं. त्यात पिकांनी आणि गुराढोरांनी समृद्ध अशी टेलस आहे, आरोग्यदायी पाणी आहे आणि देवराज जुपिटरचे वारे आहेत. आता शिल्पाकडे बघा. पिकं आहेत, गुरं आहेत. आडवा पडलेला घडा आणि बोरूची झुडपं म्हणजे गोडं पाणी. दोन बाजूंना दोन स्त्रिया, दोघींच्या डोक्यावर वाऱ्याने कमानीसारखं फुगलेलं वस्त्र. एक पक्ष्यावर बसलेली, दुसरी समुद्री प्राण्यावर. जमिनीवरचा वारा आणि समुद्रावरचा वारा. स्तोत्र आणि दगड इतके जुळतात की योगायोग म्हणवत नाही.

पण त्याच कडव्यात टेलस सीरीसला ओंब्यांचा मुकुट देते, आणि सीरीस ही धान्याची वेगळी देवी. ओंब्या आणि खसखस तिच्याच खुणा, म्हणून काही अभ्यासक या स्त्रीला सीरीस म्हणतात. खांद्यावरून घसरलेलं वस्त्र पाहून कोणी प्रेमाची देवी व्हीनस म्हणतं. ऑगस्टसचं घराणं स्वतःला व्हीनसच्या वंशातलं म्हणवत असे, आणि याच आवाराच्या पुढच्या बाजूला तिचा मुलगा इनियस, रोमनांचा पौराणिक पूर्वज, पूजा करताना दिसतो, असं बहुतेक जण मानतात. कोणी इटलीची भूमी म्हणतं. आणि वेदी शांतीची, मग ही शांतीची देवी पॅक्सच का नाही, हा प्रश्न तर कोणीही विचारील. रोमजवळ प्रिमा पोर्ता इथे सापडलेल्या ऑगस्टसच्या पुतळ्यावर, चिलखताच्या तळाशी पृथ्वी कोरलेली आहे. तिच्याजवळ फळांनी भरलेलं शिंग आहे. या स्त्रीजवळ ते नाही.

आणखी एक गुंतागुंत. 1568 मध्ये सापडलेल्या तुकड्यांबरोबर हा शिल्पपट फ्लॉरेन्सला गेला आणि विसाव्या शतकात परतला. मधल्या काळात, अठराव्या शतकात, त्याची डागडुजी झाली. त्यामुळे एखाद्या बारक्या तपशिलावर सगळा डोलारा उभारणं धोक्याचं.

लेखिकेचं मत ‘सगळी नावं सांगू’ असं झालं. मला ते नको होतं. उभ्या उभ्या ऐकणाऱ्या माणसाच्या कानात पाच लॅटिन नावं ओतली तर त्याच्या हाती काहीच लागत नाही. मॅनेजरला एकच नाव हवं होतं. तडजोड अशी: आधी सांगायचं की हिला बहुतेक ठिकाणी टेलस, म्हणजे पृथ्वी, म्हटलेलं दिसेल. मग ओंब्यांकडे आणि घसरलेल्या वस्त्राकडे नजर वळवायची, आणि धान्याच्या व प्रेमाच्या देवींच्याही खुणा हिच्या अंगावर आहेत, हे सांगायचं. आणि शेवटी दाराच्या पलीकडच्या जोडशिल्पाकडे. तिथे शस्त्रांच्या ढिगावर बसलेली रोमा, म्हणजे रोम नगराची देवता, होती. त्याचे थोडेच तुकडे उरलेत. डावीकडे बाळं आणि ओंब्या, उजवीकडे शस्त्रं, मधून वाट. नाव कोणतंही घ्या, ही जोडी काय म्हणते ते बदलत नाही: शस्त्रं खाली ठेवायला आधी ती जिंकलेली असावी लागतात.

माझ्या मते खुणांची ही सरमिसळ जाणूनबुजून केलेली आहे. ज्या शिल्प्याला एकेका फुलाची पाकळी ओळखू येईल अशी कोरता येते, त्याला देवी ओळखू येईल अशी कोरणं अवघड नव्हतं.

बाकीच्या गोष्टी

खालच्या पट्टीत, पानांच्या आसपास, पक्ष्याचं एक घरटं आहे आणि पिलांवर चालून आलेला साप. एवढ्या शिस्तीच्या सुवर्णयुगात हा साप कशाला? कोणी म्हणतं, अशांतता कायम टपून बसलेली असते याची आठवण. कोणी म्हणतं, कारागिराची हौस. आम्ही फक्त तो कुठे शोधायचा ते सांगितलं आणि निवेदनात थोडी शांतता ठेवली. बाईंचा शोधाचा खेळ असा एका जागी टिकला.

रंगाला दोन वाक्यं मिळाली. हे संगमरवर मुळात रंगवलेलं होतं. पांढरीशुभ्र वेल ही काळाने केलेली, शिल्प्याने नव्हे.

सरस्वती गेली. कल्पलता गेली. अडुळसा आणि कारवी राहिली, कारण ते नातं खरं आहे.

परिणाम

निवेदन पहिल्या गटाने ऐकलं तेव्हा टूर मॅनेजरने प्रतिक्रिया टिपून आणल्या. कवट्यांवर एका जोडप्याने नाराजी दाखवली. आधी सांगितलं असतं तर आम्ही आत आलो नसतो, असं त्यांचं म्हणणं. बाकीच्यांना ते वाक्य खटकलं नाही. एका आजोबांनी मागच्या शिल्पापाशी आल्यावर स्वतःहून विचारलं, “म्हणजे हा बसलाय तो आत जाणार का?” आम्ही हे वाक्य संहितेत लिहिलं नव्हतं. क्रमानेच ते त्यांच्या तोंडी आणलं.

‘कोण ही’ या प्रश्नाचं भय अनाठायी ठरलं. अनेक खुणा असलेली देवी मराठी माणसाला बिलकूल अडचणीची वाटली नाही. उलट मॅनेजरला कोणीतरी सांगितलं की आमची कुलदेवी पण अशीच, तिला तीन गावांत तीन नावं. साप मात्र पुष्कळांना सापडला नाही. गर्दीत खाली वाकून शोधणं ज्येष्ठांना जमत नाही, हे आम्हा चौघांपैकी कोणाच्या मनात आलं नव्हतं.

वेगळं काय करता येईल

सापाची जागा दाखवणारा फोटो मोबाईलवर देणं, हा सोपा उपाय. कवट्यांबद्दलची सूचना दारातच, आत शिरण्याआधी द्यायला हवी. ज्याला नको त्याला बाहेरूनच वळसा घेऊन शेवटच्या शिल्पापाशी येता येईल.

मोठा बदल वेगळाच आहे. ही वेदी आज उभी दिसते ती मुसोलिनीच्या राजवटीमुळे. उरलेले भाग एका वाड्याच्या पायाखाली, पाण्याने भरलेल्या जमिनीत होते. 1937-38 मध्ये अभियंत्यांनी ती जमीन गोठवून ते बाहेर काढले. ऑगस्टसच्या जन्माला दोन हजार वर्षं झाल्याचा सोहळा चालू होता, त्याचा समारोप 23 सप्टेंबर 1938 रोजी या वेदीच्या उद्‌घाटनाने झाला. ती मूळ जागी नाही. टायबरकाठी, ऑगस्टसच्या समाधीशेजारी आणून पुन्हा जुळवलेली आहे, तीही दिशा बदलून. आताची काचेची इमारत वास्तुविशारद रिचर्ड मायरची, 2006 ची. तिच्या आधीच्या इमारतीची एक भिंत मात्र राखली आहे. ऑगस्टसचा तो वृत्तान्त तिच्यावर धातूच्या अक्षरांत आहे.

निवेदनात या सगळ्याला एकच वाक्य मिळालं, कारण विषय निसर्ग होता. पण सुबत्तेच्या वेली आणि निवांत गुरं ही चित्रं सत्ता कशी वापरते, हे जर आपण दोन हजार वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्याबद्दल सांगत असू, तर विसाव्या शतकातल्या राज्यकर्त्याला सोडून देणं बरोबर नाही. लेखिका आता शेवट नव्याने लिहितेय: बैलासमोरून निघाल्यावर श्रोत्याला रस्त्याच्या बाजूला, त्या अक्षरांच्या भिंतीपाशी नेऊन. मॅनेजरचं म्हणणं, त्यासाठी दहा मिनिटं वाढवावी लागतील आणि बस तिथे थांबू देत नाहीत. त्यावर अजून बोलणं चालू आहे.